पाठीतल्या इंजेक्शनवाल्या

आमच्याकडच्या स्थानिक वर्तमानपत्रांत आतल्या पानावर ‘जाहीर आभार’ अशी एक चौकट येते. आमच्या तीर्थरूपांच्या पित्ताशयातले खडे यशस्वीरीत्या काढल्याबद्दल सर्जनसाहेबांचे आभार, फोटोसह. त्याखाली फिजिशियन, सिस्टर, वॉर्डबॉय, रात्री दोनला शटर वर करणारे मेडिकलवाले, रक्ताची सोय करणारं तरुण मंडळ आणि आठवडाभर डबा पोचवणारे मेव्हणे. ही चौकट मी बारकाईनं वाचतो. माझी बायको भूलतज्ज्ञ आहे आणि ती या चौकटीत नियमित असते. शेवटच्या ओळीत, ‘व इतर सर्व ज्ञात-अज्ञात’ यांच्यातल्या अज्ञातांत.

तिला याचं काही वाटत नाही. ‘‘मी त्यांच्या लक्षात राहणार कशी? टेबलावर घेतल्या घेतल्या मिडाझोलाम देते मी,’’ म्हणते. हे औषध घाबरलेल्या माणसाला शांत करतं आणि जाता जाता त्या वेळची आठवणही पुसून टाकतं. म्हणजे पेशंटचा हात हातात घ्यायचा, त्याच्याशी चार शब्द प्रेमानं बोलायचे आणि त्याच वेळी आपण भेटलोच नव्हतो याची व्यवस्था सलाइनमधून करायची. आमच्या बँकेत असं औषध असतं तर कर्जवसुली विभागानं कधीच मागवलं असतं.

आमचं लग्न ठरलं तेव्हा माझ्या आत्याला मुलगी डॉक्टर आहे एवढं कळलं होतं. पुढची चौकशी तिनं स्वतः केली.

‘‘ऑपरेशन करते?’’

‘‘नाही.’’

‘‘मग औषधं देते?’’

‘‘तशी नाही.’’

‘‘मग करते काय?’’

‘‘ऑपरेशनच्या आधी झोपवते.’’

‘‘एवढ्यासाठी एवढं शिकावं लागतं? आमच्या गावच्या देवळात बुवा नुसत्या निरूपणावर सगळा मांडव झोपवायचे. तेही चौथी पास.’’

साडेचार वर्षं एमबीबीएस, वर्षभर इंटर्नशिप आणि वर तीन वर्षं एमडी असा हिशेब मी मांडला. आत्यानं तो सहानुभूतीनं ऐकला. मुलगी अभ्यासात जरा कच्ची असावी, म्हणून एवढी वर्षं लागली, असा तिचा समज झाला. तो अजून आहे.

खरं म्हणजे बुवांच्या झोपेत आणि या झोपेत मोठा फरक आहे. बुवांसमोर झोपलेला माणूस स्वतः श्वास घेतो, शिवाय घोरतो. इथे दुधासारखं पांढरं प्रोपोफॉल शिरेतून गेलं की माणूस अर्ध्या मिनिटात गप्प होतो. मग स्नायू सैल पडायचं औषध दिलं की छातीचा भाताही थांबतो. तिथून पुढे श्वास घेण्याचं काम पेशंटकडून काढून बाईंकडे येतं. ट्यूब योग्य नळीत गेली आहे ना, नाडी किती, ब्लडप्रेशर किती, रक्तात ऑक्सिजन किती, श्वासातून कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतोय का, हे सगळं ऑपरेशन संपेपर्यंत बघत बसायचं. पडद्याच्या त्या बाजूला सर्जन पित्ताशयाचं काय करायचं ते करतो. उरलेला माणूस या बाजूला असतो.

या कामाला प्रतिष्ठा मिळायला वेळ लागला. ऑक्सफर्डमध्ये 1937 साली या विषयाचे पहिले प्राध्यापक नेमले गेले, रॉबर्ट मॅकिंटॉश. तेही विद्यापीठाला उपरती झाली म्हणून नव्हे. मॉरिस मोटारींचे मालक लॉर्ड नफील्ड वैद्यकीय शिक्षणासाठी मोठी देणगी देत होते आणि भूलशास्त्राला प्राध्यापक हवाच, असा त्यांनी हट्ट धरला. मॅकिंटॉशांच्या हातची भूल त्यांनी स्वतः घेतलेली होती. झोपवण्यासाठी कसला आलाय प्राध्यापक, असं तिथल्या विद्वानांचं मत होतं. माझ्या आत्याचं म्हणणं निदान ऑक्सफर्डला मान्य झालं असतं.

आम्ही मिरजेत राहतो. या गावाची कीर्ती दोन गोष्टींसाठी, सतारी आणि दवाखाने. डॉ. वॉन्लेस यांनी 1894 मध्ये इथे मिशनचं हॉस्पिटल सुरू केलं आणि तेव्हापासून आजूबाजूचे जिल्हे, शिवाय शेजारचा कर्नाटक, आजारी पडला की मिरजेची वाट धरतो. आता चौकाचौकांत हॉस्पिटल आहे. प्रत्येकाला स्वतःचा सर्जन असतो, स्वतःचं मेडिकल असतं, स्वतःचा गणपती असतो. स्वतःचा भूलतज्ज्ञ मात्र क्वचितच असतो. तो फोन करून मागवायचा असतो. सकाळी साडेसातला एकीकडे हर्निया, नऊला दुसरीकडे सीझर, अकराला हाडाच्या डॉक्टरांकडे खुबा, दुपारी कुठे तरी मुतखडा आणि मध्ये केव्हाही इमर्जन्सी. आमच्या गाडीच्या डिकीत स्टेपनी आहे का हे मला सांगता येणार नाही, पण लॅरिंगोस्कोप आहे, सगळ्या नंबरच्या ट्यूबा आहेत, स्पायनलच्या सुया आहेत आणि अँब्यु बॅग आहे. काही औषधं थंड ठेवावी लागतात, त्यामुळे आमच्या फ्रिजच्या दारात कोथिंबिरीशेजारी ते स्नायू सैल पाडणारं स्कोलीन असतं. पाहुण्यांना आम्ही पाणी आणून देतो, घ्या म्हणून सांगत नाही.

गावातल्या प्रत्येक ऑपरेशन थिएटरची कुंडली तिला पाठ आहे. कुठल्या टेबलाचं चाक फिरतं, कुठल्या सक्शनला धाप लागते, कुठल्या लिफ्टमध्ये स्ट्रेचर तिरकं केल्याशिवाय जात नाही, कुठला चहा प्यावा आणि कुठला नुसता हातात धरावा. कर्नाटकातून येणाऱ्या पेशंटमुळे तिला कन्नडही येतं, पण ते सगळं आज्ञार्थी. तोंड उघडा, जीभ बाहेर काढा, श्वास घ्या, मान उचला, ‘कण्ण तगीरी’ म्हणजे डोळे उघडा. जमखंडीला एका लग्नाला गेलो असताना वधूच्या आजींशी तिनं कन्नडमध्ये संभाषण करायचा प्रयत्न केला. आजींनी तोंड उघडलं, जीभ बाहेर काढली, मोठा श्वास घेतला, आणि मग मुलाला हाक मारली.

जीभ बाहेर काढायला लावण्यामागे शास्त्र आहे. शेषगिरी मल्लमपती नावाचे आपल्याकडचेच एक डॉक्टर बोस्टनला होते. माणसानं आ करून जीभ बाहेर काढल्यावर घशातलं किती दिसतं, यावरून ट्यूब घालणं सोपं जाईल की अवघड याचा अंदाज येतो, असं त्यांनी 1985 मध्ये मांडलं. आज जगभरात ऑपरेशनच्या आधी माणसं मल्लमपतींच्या नावानं जीभ दाखवतात. बायकोला आता ही सवय जडली आहे. नवा माणूस भेटला की ती त्याचे कपडे बघत नाही, मान बघते. ‘‘आखूड आहे,’’ असं ती मला हळूच सांगते. आमच्या मुलासाठी सांगून आलेल्या एका मुलीबद्दल तिनं घरी आल्यावर पहिलं मत दिलं ते, ‘‘ट्यूब एका झटक्यात जाईल.’’ यापेक्षा मोठी शिफारस तिच्याकडे नाही.

सगळ्यात रंगतदार प्रकरण मात्र उपाशी राहण्याचं. पोटात अन्न असलं की भुलेत ते वर येऊन फुप्फुसात उतरू शकतं. बाळंतपणातल्या भुलेत हे कसं जिवावर बेततं ते कर्टिस मेंडेलसन यांनी 1946 मध्ये लिहून ठेवलं. म्हणून हलकं खाणं असलं तरी सहा तास आधी बंद, आणि साधं पाणी दोन तास आधी. इतका सोपा नियम. पण तो सांगायचा मराठी माणसाला, ज्याच्याकडे उपाशी राहण्याची स्वतःची हजार वर्षांची परंपरा आहे.

‘‘सकाळपासून काही खाल्लं नाही ना?’’

‘‘छे हो, कडक उपास आहे माझा.’’

‘‘पाणी?’’

‘‘नाही.’’

‘‘नक्की काहीच नाही?’’

‘‘नाही म्हटलं ना. नुसती साबुदाण्याची खिचडी, तीही वाटीभर. आणि वर दोन केळी.’’

ऑपरेशन पुढे ढकललं जातं. सर्जन चिडतो, पेशंटचा मुलगा चिडतो, आणि सगळ्यात जास्त चिडतात त्या आजी, कारण उपास मोडला असा आरोप त्यांच्यावर जन्मात कुणी केलेला नसतो. दुसरा वर्ग चहावाल्यांचा. ‘‘काय खाल्लं न्हाई ओ बाई, नुस्ता च्या घेतला.’’ चहात काय होतं, हे पुढे विचारावं लागतं. चहात खारी होती. मशेरी लावणाऱ्या बायका तर ती खाण्यात धरत नाहीत, पिण्यातही धरत नाहीत, ती त्यांच्या मते दात घासण्यात मोडते. माझ्या बायकोनं आता प्रश्नच बदलला आहे. ‘‘खाल्लं का?’’ असं विचारतच नाही. ‘‘नाश्त्याला काय होतं?’’ असं गोड विचारते. पेशंट बेसावधपणे ‘‘पोहे’’ म्हणतो.

नंतर कवळीची चौकशी. कवळी आहे का, विचारलं तर पेशंट नाही म्हणतो, कारण सूनबाई शेजारी उभी असते. मग भुलेची घासाघीस. आपल्याकडे पूर्ण भूल आणि अर्धी भूल असे दोन प्रकार लोकांना माहीत आहेत. अर्धी म्हणजे कमरेखालची. एका शेतकरी काकांनी बिल बघून रास्त मुद्दा काढला होता, की भूल अर्धी असेल तर पैसे पूर्ण कसे? त्यांना खरं उत्तर असं द्यायला हवं होतं, की अर्ध्या भुलेत पेशंट ऑपरेशनभर जागा राहून गप्पा मारतो, त्याचे वेगळे लावलेले नाहीत.

ही कमरेखालची भूल शोधली ती ऑगस्ट बीअर या जर्मन सर्जननं, 1898 मध्ये, कील शहरात. पाठीच्या मणक्यांमधून सुई घालून कोकेनचा थोडा अंश सोडायचा, अशी युक्ती. पेशंटवर केल्यावर त्यांनी ती स्वतःवर करायची ठरवली. सुईला सिरिंज बसेना, मणक्यातलं पाणी गळून गेलं आणि बीअरसाहेबांचा प्रयोग फसला. मग त्यांचा सहायक हिल्डेब्रांट आडवा झाला. भूल लागली का, हे बघायला साहेबांनी त्याला सुया टोचल्या, पेटती सिगार टेकवली, नडगीवर लोखंडी हातोडा मारला. सहायक म्हणाला, काही कळत नाही. त्या यशानिमित्त दोघांनी दारू घेतली, सिगार ओढल्या. दुसऱ्या दिवसापासून साहेब डोकं धरून कित्येक दिवस अंथरुणात, आणि सहायकाला उलट्या, शिवाय नडग्या सुजलेल्या. वरिष्ठांनी कल्पना काढायची आणि हातोडा कनिष्ठांनी खायचा, ही पद्धत बँकेतही आहे. फक्त आमच्याकडे भूल देत नाहीत.

पण बीअरसाहेबांना मिरजेच्या एखाद्या लग्नात आणून उभं केलं असतं तर डोकेदुखी परवडली, असं ते म्हणाले असते. कुठल्याही कार्यात माझी बायको हळदीकुंकवाला बसली की शेजारच्या बाई विचारतात, ‘‘तुम्ही काय करता?’’ तिनं सांगितलं की पाच मिनिटांत तिच्याभोवती नऊवारी आणि सहावारी साड्यांचं कोंडाळं जमतं. ‘‘अहो, त्या पाठीतल्या इंजेक्शनपासून माझी कंबर गेली ती गेलीच.’’ मुलगा इंजिनीअर होऊन पुण्याला गेला, त्याला मूल झालं, पण कंबर त्या इंजेक्शनचीच. नऊ महिने ओझं वाहिलं, मग मूल कडेवर घेऊन स्वयंपाक केला, पाणी भरलं, वाकून फरशी पुसली, या कशाचाही कमरेशी संबंध नसतो. वर्षानुवर्षं टिकणाऱ्या कंबरदुखीचा दोष त्या बारीक सुईवर टाकायला वैद्यकशास्त्रात आधार नाही, हे तिनं सुरुवातीला समजावून बघितलं. आता ती फक्त ‘‘अगंबाई!’’ म्हणते आणि बुंदीचा लाडू उचलते. त्या बायकांचं ओझं वाटून घेणारा कुणीच नव्हता. एक सुई मिळाली आहे, तर असू दे तिच्यावर.

आता सर्जन. सर्जन आणि भूलतज्ज्ञ यांचं नातं नवरा-बायकोसारखं असतं, असं म्हणायचा मोह मला होतो, पण मी नवराच असल्यामुळे मला फरक दिसतो. नवऱ्याला वाट बघायची सवय असते. सर्जनला नसते. बोस्टनमध्ये 16 ऑक्टोबर 1846 रोजी विल्यम मॉर्टन या सत्तावीस वर्षांच्या दातांच्या डॉक्टरनं पहिल्यांदा जाहीरपणे ईथरची भूल देऊन दाखवली. तोही त्या दिवशी उशिराच पोचला होता. त्याचं उपकरण तयार व्हायला वेळ लागला. सर्जन जॉन वॉरन सुरी घेऊन उभे, आणि मॉर्टनसाहेब बहुधा दुसरीकडे गुंतलेले दिसतात, असा टोमणा त्यांनी तेवढ्यात मारून घेतला. म्हणजे जगातल्या पहिल्या यशस्वी जाहीर भुलेची सुरुवातच ‘‘अजून आला नाही का?’’ अशी झाली. मॉर्टन आला, मानेवरची गाठ पेशंट ओरडल्याशिवाय निघाली आणि यात फसवाफसवी नाही, असं वॉरनसाहेबांनी सगळ्यांदेखत कबूल केलं. सर्जननं भूलतज्ज्ञाची एवढी स्तुती केल्याचं त्यानंतर आमच्या तरी ऐकिवात नाही.

सर्जनचं वेळेचं एक स्वतंत्र कोष्टक आहे. ‘‘झालंच, पाच मिनिटं’’ म्हणजे पाऊण तास. ‘‘आता फक्त टाके’’ म्हणजे चहा मागवायला हरकत नाही. ‘‘सोपी केस आहे मॅडम, तुम्ही फक्त या’’ म्हणजे डबा घेऊन जावं. पोटाचे स्नायू ताठ वाटले की दोष भुलेचा, रक्त जास्त गेलं की दोष भुलेचा, दिवा डोळ्यावर येत असेल तर टेबल खाली घ्या मॅडम. माझी बायको टेबल खाली घेते, मग वर घेते, मग पुन्हा होतं तिथे आणते. ‘‘हां, आता कसं,’’ सर्जन म्हणतात. गाणी कुठली लावायची हेही सर्जनच ठरवतात. एका साहेबांना जुन्या कव्वाल्या लागतात, त्यामुळे तिला आता कव्वाली ऐकली की हर्निया दिसतो.

तिचे कान खरं तर दुसरीकडेच लागलेले असतात. बोटाला लावायच्या त्या चिमट्यामागचं तत्त्व ताकुओ आओयागी या जपानी इंजिनीअरनं सत्तरच्या दशकात शोधलं. करोनात तो घरोघरी पोचला. थिएटरमधलं त्याचं मशीन नाडीच्या प्रत्येक ठोक्याला टूक टूक करतं आणि रक्तातला ऑक्सिजन उतरू लागला की सूरही उतरतो. सर्जनशी वाद घालत असताना, फोनवर मुलाला कुकरच्या शिट्ट्या सांगत असताना, पेंगुळलेली असतानाही तिला तो उतरलेला सूर आधी ऐकू येतो. सतारीच्या गावात राहून तिच्या कानांना एवढीच तालीम मिळाली आहे. मी रात्री घोरायला लागलो आणि मध्ये श्वास अडला, तर ती पूर्ण झोपेत हात लांब करून माझा जबडा दोन बोटांनी पुढे ओढते आणि तसाच धरून ठेवते. इतरांच्या बायका ढोसतात. आमच्याकडे श्वसनमार्ग मोकळा करून मिळतो. सकाळी जबडा दुखतो, पण तक्रार कुठल्या तोंडानं करणार?

मुलाला उठवायची पद्धतही तिथलीच. ‘‘डोळे उघड! जीभ बाहेर काढ! मान उचल, धरून ठेव, धरून ठेव!’’ भुलेचा अंमल उतरला का, हे असंच बघतात. तो बारावीत असेपर्यंत रोज जीभ दाखवून उठत असे. हॉस्टेलवर गेल्यावर पहिले काही दिवस त्यानं गजर झाला की जीभ काढली, असं त्याचा रूममेट सांगतो.

मुहूर्तावरच्या सीझरबद्दल लिहिल्याशिवाय हा विषय सोडणं पाप ठरेल. मूल गुरुपुष्यामृतावर जन्मावं अशी आजोबांची इच्छा असते, आणि गुरुजी वेळ काढून देतात, अकरा वाजून बावीस मिनिटं. अडचण अशी, की अकरा बावीस ही वेळ गावातल्या सगळ्याच गुरुजींच्या पंचांगात अकरा बावीसच असते. त्या दिवशी सकाळपासून आमच्या घरी स्त्रीरोगतज्ज्ञांचे फोन. ‘‘मॅडम, आमचं आधी सांगितलं होतं.’’ ग्रह सगळ्यांना पुरतात, भूलतज्ज्ञ पुरत नाहीत. एकदा एका सासऱ्यांनी थिएटरच्या दाराशी घड्याळ धरून उभं राहून आत निरोप पाठवला होता, की अजून चार मिनिटं आहेत, घाई करू नये. आणि बाळ बाहेर आलं की सगळी खोली बाळाकडे बघते, घड्याळाकडे बघते, मुलगा की मुलगी बघते. माझी बायको आईच्या ब्लडप्रेशरकडे बघते, कारण पाठीतल्या इंजेक्शननं ते उतरतं. बाळाला जन्मल्यावर पहिल्या मिनिटाला जे गुण देतात तेही व्हर्जिनिया अॅपगार या भूलतज्ज्ञबाईंच्या नावाचे, 1953 पासूनचे. माणसाचं आयुष्यातलं पहिलं प्रगतिपुस्तक भूलतज्ज्ञाच्या हातचं आहे, हे पालकांना माहीत नसतं. नाही तर तेही रिचेकिंगला टाकतील.

एवढं सगळं हसून झाल्यावर एक गोष्ट मला हसून सांगता येत नाही. रात्री अडीचला फोन येतो, सीझर आहे, बाळाचे ठोके कमी होताहेत. ती उठते, केस बांधते, गाडी काढते. कधी गावातच, कधी पाऊण तासावरच्या तालुक्याला. दिवसभराची लिस्ट झालेली असते आणि उद्याची साडेसातला असते. ऑस्ट्रेलियातल्या दोन संशोधकांनी 1997 मध्ये ‘नेचर’मध्ये लिहिलं होतं, की सलग सतरा तास जागलेला माणूस चाचणीत रक्तात 0.05 टक्के दारू असलेल्या माणसाइतकाच गडबडतो. आपल्याकडे गाडी चालवायला मर्यादा 0.03 ची आहे. म्हणजे पहाटे परतणारी माझी बायको कायद्याच्या हिशेबानं नशेत असते, फक्त नाक्यावरच्या हवालदाराच्या नळीत झोप मोजायची सोय नाही. एकदा पहाटे तिला थांबवून फुंकायला लावलं. तिनं फुंकलं. ‘‘मोठ्ठा श्वास घ्या,’’ हवालदार म्हणाला. हे वाक्य आयुष्यात पहिल्यांदाच कुणी तरी तिला म्हणत होतं.

आणि काही बिघडलं तर? सर्जनच्या हातून बिघडलं तर ‘कॉम्प्लिकेशन’ होतं, पेशंट मुळातच अशक्त असला तर नशीब असतं, पण बाहेरच्या गर्दीत पहिलं वाक्य ‘भूल जास्त झाली’ हेच असतं. डॉक्टरांवरच्या हल्ल्यांविरुद्ध महाराष्ट्रात 2010 पासून कायदा आहे. तो थिएटरच्या मागच्या दारानं बाहेर पडताना आठवत नाही. एकटेपणाही मोठा. ओपीडी नाही, स्वतःचे पेशंट नाहीत, दिवसभर ज्यांच्याशी बोलायचं ते झोपलेले. आणि झोपवणारी सगळी औषधं हाताशी. मॉर्टनच्या आधी लाफिंग गॅस दाखवायला गेलेला, आणि प्रयोग फसून हशा झालेला होरेस वेल्स पुढे स्वतःवर क्लोरोफॉर्मचे प्रयोग करता करता त्याच्या आहारी गेला. 1848 मध्ये न्यूयॉर्कच्या तुरुंगात त्यानं स्वतःला संपवलं. या व्यवसायातली माणसं ही गोष्ट इतिहास म्हणून सांगत नाहीत. कुणी सहकारी बरेच दिवस गप्प दिसला तर ती एकमेकांना फोन करतात. बायकोच्या फोनमध्ये ‘केस’ नसताना येणारे काही फोन असे असतात, तेव्हा मी टीव्हीचा आवाज बारीक करतो.

यावर उपाय म्हणून हल्ली परिषदांमध्ये ‘ताणमुक्त जीवन’ या विषयावर व्याख्यान ठेवतात. एकदा मी जोडीदार म्हणून हजर होतो. व्याख्यान सकाळी सहाला होतं, योगासनांसकट. बहुतेक जण रात्री उशिराची केस करून थेट गाडीनं आलेले. वक्त्यांनी शवासन सांगितलं. त्यानंतरच्या पाऊण तासात सभागृहात जे घडलं त्याला योग म्हणता येणार नाही, पण इतकं यशस्वी वेलनेस सत्र त्या वक्त्यांनी आधी घेतलं नसेल. त्यांनी ‘‘हळूहळू डोळे उघडा’’ असं म्हटलं तेव्हा एकानंही उघडले नाहीत. शेवटी आमच्या बाईंनी उठून थिएटरच्या आवाजात सगळ्यांना जीभ बाहेर काढायला लावली.

संघटना म्हणाल तर जुनी आहे. अखिल भारतीय संस्था 1947 ची. त्या वर्षी देश स्वतंत्र झाला, भूलतज्ज्ञ अजून सर्जनच्या लिस्टवर आहेत. फी बहुतेक ठिकाणी सर्जनकडून मिळते आणि सर्जनला पेशंटकडून मिळायची असते, पेशंटला विमा कंपनीकडून आणि विमा कंपनीला एक कागद कमी पडत असतो. शेवटी पाकीट येतं तेव्हा कुठल्या केसचं, हे आठवायला तिला मिडाझोलाम न घेताही त्रास होतो. ‘‘झोपवायचे पैसे घेत नाही, उठवायचे घेते,’’ हा भूलतज्ज्ञांचा लाडका विनोद तिनं इतक्यांदा केला आहे, की आता तो करताना तिलाच जांभई येते.

मागच्या 16 ऑक्टोबरला, जागतिक भूलदिनी, आमच्याकडे मोठा कार्यक्रम झाला. सहाचा साडेसातला सुरू झाला, कारण श्रोते केसवर होते. भूलतज्ज्ञांचा गौरव करायला प्रमुख पाहुणे म्हणून एका ज्येष्ठ सर्जनना बोलावलं होतं. त्यांनी ‘‘फक्त पाच मिनिटं घेतो’’ म्हणून सुरुवात केली आणि सभागृहातल्या सगळ्यांनी खुर्चीत व्यवस्थित टेकून घेतलं. भूलतज्ज्ञ हा पडद्याआडचा कलाकार, वगैरे ते सांगत होते. तेवढ्यात मागच्या रांगेत एक फोन थरथरला. मग मधल्या रांगेत. एकेक जण वाकून, पर्स काखेत मारून बाहेर. माझी बायकोही उठली, जाताना माझ्या हातात शाल आणि श्रीफळ देऊन. भाषण संपलं तेव्हा सभागृहात आम्ही नवरे-बायका तेवढे उरलो होतो. सर्जनसाहेब व्यासपीठावरून उतरून थेट माझ्याकडे आले. माझ्या हातातलं श्रीफळ बघून त्यांनी माझं मनापासून अभिनंदन केलं, या क्षेत्रात किती वर्षं आहात, असंही विचारलं. मी खरी वर्षं सांगितली. मग आम्ही जेवायला बसलो. पन्नास ताटांची बासुंदी आणि खाणारे आम्ही अकरा.